धाब्यावरची पऱ्हाटी

मिरग आठ दिवसांवर आला की आमच्या अकोल्याच्या गल्लीत प्रत्येक धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, एकेक बाप्या उभा दिसतो. वर्षभर ज्यानं घरात साधी खुंटी ठोकली नाही, तोही कमरेवर हात ठेवून वर उभा असतो. पायानं इथं दाबतो, तिथं दाबतो, आणि खाली उभ्या बायकोला सांगतो, "काई भेव नाही, औंदा थेंब येत नाही." मग आषाढात त्याच घरातून पराती, घागरी, गंगाळं वाजायला लागतात. बायको थेंबाखाली भांडी मांडते. भांडं मात्र जरा जोरात आपटते.

आज सकाळी आमचा थोरला चढला वर. मी खाली अंगणात बाजेवर. म्हटलं, "पनाळीच्या बुडाशी पाह्य आधी, तिथून सुरुवात कर." पनाळ म्हणजे धाब्यावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारी लाकडी नळी. मातीचा धाबा मधे फारसा गळत नाही, कडेला गळतो. पनाळीच्या बुडाशी नि भिंतीच्या डोक्याशी. हे मला कोणी शिकवलेलं नाही, माझ्या अंगावर गळलेलं आहे. तर थोरला वरून म्हणतो कसा, "माय, तुले काय समजते धाब्यातलं?"

असा संताप आला म्हणता! ज्याच्या जन्मापायी धाब्याची आख्खी कड उकरून पुन्हा घातली, तो मला धाबा शिकवणार. पण जाऊ दे. वर उभ्या माणसाशी भांडू नये, मान दुखते.

मन मात्र गेलं अमरावतीला, त्या कापसाच्या दिवसांत.

काय दिवस होते ते! सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती. कोणाची, कशापायी, आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. माझा बाबा खात्रीनं सांगायचा, "दोघं भाऊ हायेत म्हणते. धुऱ्यावरून भांडून राह्यले." धुरा म्हणजे वावराचा बांध. बाबाच्या मते जगातली सगळी भांडणं धुऱ्यावरूनच होत. पण त्या भावांच्या भांडणात आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा काही मान चढला, की लोक बोंडाला हात लावायच्या आधी हात धुवायला लागले. अमरावतीच्या बाजारातून नुसतं चालून आलं तरी माणसाच्या मिशा पांढऱ्या. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंट्या आल्या. ज्यानं त्यानं ज्वारी मोडली, गहू मोडला आणि कापूस पेरला. एकानं तर विहिरीकडे जायची पायवाटच पेरली. त्याची बायको घागर घेऊन शेजाऱ्याच्या वावरातून जायची आणि रोज शिव्या खायची. शिव्या शेजाऱ्याच्या नव्हेत, शेजारणीच्या.

त्याच वर्षी मी पहिल्यांदा पोटुशी राहिले. सोळा-सतरा वर्षांची असेन. सासर अकोल्याचं, माहेर अमरावतीचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. त्यात काय बोलायचं? पण आमच्यात बोलायचं होतं. कारण माझ्या लग्नात अवकाळी पाऊस आला होता. पंगत माहेरच्या ओसरीत बसली होती, सासूबाई भिंतीकडेनं बसल्या होत्या, आणि धाब्याच्या कडेतून पहिला थेंब जो आला तो नेमका त्यांच्या वरणात. दुसरा नव्या लुगड्यावर. सासूबाई अंगानं भरदार, आवाजानं त्याहून. त्या दिवशी मात्र त्यांनी ताट तेवढं बाजूला सरकवलं, आणि ते सरकवणं सगळ्यांनाच जड गेलं.

मला माहेरी धाडताना मग त्यांनी बाबाला बजावलं, "इवाई, पोरगी पाठवतो. पण बाळंतिणीच्या खोलीत थेंब गळला हे मले समजलं, तर त्याच पावली येईन अन् सुनेले घेऊन जाईन. ओल्या खोलीत बाई बाळंत होऊ देणार नाही मी."

इवाई म्हणजे व्याही, इहीण म्हणजे विहीण. बाबानं छाती पुढं काढून सांगितलं, "इहीणबाई, थेंब नाही, ओल दिसनार नाही."

मला हसू येत नव्हतं. मला भीती वाटत होती. आमच्या ओळखीतल्या दोन पोरी त्या वर्षी पहिल्याच बाळंतपणात गेल्या होत्या. आपणही मरणार असं मला रोज वाटे, आणि मरायचंच असलं तर मायच्या मांडीवर डोकं असावं, एवढंच मागणं होतं. ते मागणं धाब्याच्या कडेवर टांगलं होतं, आणि ती कड बाबाच्या हातात होती.

बाबाचं वावर चांगलं, बैल चांगले, मनानं तर फारच चांगला. पण हातात थापी धरली की माणूस वाया गेला. आमच्या शेजारी करीमचाचा राहत, जुने गवंडी. अर्ध्या अमरावतीचे धाबे त्यांच्या हातचे. पण गुडघे गेले होते, शिडी चढवत नव्हती. पोरं रेल्वेच्या पुलांच्या कामावर गेलेली. चाचा दिवसभर आपल्या अंगणात खाटेवर बसून राहत आणि भिंतीवरून आमच्या धाब्याकडे बघत. दुखण्यापेक्षा ते बघणंच त्यांना जास्त सोसत नव्हतं.

धाब्याला लागते पांढरी खारी माती. ती पाणी पीत नाही. त्यात कालवायचं कुटार, म्हणजे मळणीत उरलेला बारीक भुसा. त्यानं माती एकमेकीला धरून राहते. पण सगळ्यांनी कापूस पेरलेला. कुटार येणार कुठून? बाबा चार दिवस फिरला, टोपलंभर भुसा मिळाला नाही. मग एका सकाळी त्यानं वावरातली काळी माती गाडीभर आणून अंगणात ओतली. घरात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या लाकडी चरकावर, कापूस रेचायचो, त्याखालचा सगळा कचरा त्यात टाकला: रुईचे गुंते, फुटकी-साबूत सरकी, सगळं. वरून शेणाचा काला.

चाचा खाटेवरून ओरडले, "अरे भाऊ, क्या कर रहे? काली मिट्टी है वो! धाब्यावर काळी माती कोणी टाकते काय?"

"चाचा," बाबा म्हणे, "या मातीतून सोनं निघून राह्यलं. तुमच्या पांढऱ्या मातीतून काय निघते?"

"कुछ नहीं निकलता, इसी लिए तो डालते! अन् ती सरकी काढ, उगेल ती."

"धाब्यावर?" बाबा खो खो हसला.

काळी माती, शेण आणि सरकी. आता तुम्हीच सांगा, याला लिंपण म्हणतात का पेरणी? पण बाबानं दोन दिवस खपून धाब्याची सगळी कड त्या काल्यानं जाडजूड बांधली, पनाळीच्या बुडाशी तर असा लोंदा बसवला की पाणी यायलाच घाबरेल असं वाटावं. खाली उतरला, हात धुतले, आणि शेजारपाजाऱ्यांना बोलावून कड दाखवली.

मिरगाच्या दोन सरी बऱ्या पडल्या. एके सकाळी माय तुळशीला पाणी घालत होती. सहज वर पाहिलं आणि तांब्या तसाच वाकडा धरून उभी राहिली. पाणी सगळं पायावर.

"अवो," ती म्हणाली, "धाबा उगवला तुमचा."

कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन-दोन गोल पानांची पऱ्हाटी उभी होती. कपाशीची रोपं! वावरातल्यापेक्षा तजेलदार. चाचांनी भिंतीवरून पाहिलं आणि इतके हसले की खाटेचा सुंभ तुटला.

आमच्या घरावरून बाजाराची वाट. कापसाच्या गाड्या रोज तिथून जायच्या, आणि गाडीवान पोट धरून हसत जायचे. "काय गा, तण काढाले डवरणी कधी?" "बैल कसे चढवसान वर?" एक दलाल तर घोड्यावरून उतरून गंभीरपणे उभं पीक मागून गेला. बाबा सगळ्यांना एकच सांगे, "तुमाले नाही समजत. मुळं माती धरून ठेवतेत."

माय म्हणाली उपटा. मी म्हटलं, बाबा, उपट ना. पण त्या वर्षी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातून कपाशीचं रोप उपटलं जाणं अवघड होतं हो. आम्ही पायवाटा पेरलेली माणसं. बाबा शिडीवर चढायचा, रोपाला हात घालायचा, पानं कुरवाळून खाली यायचा. एकदा तो बराच वेळ वर होता, मला वाटलं चला, सुटलो. जाऊन पाहते तर विरळणी चालली होती! मरतुकडी रोपं काढून टाकली, आणि जोमदार तेवढी हातहात अंतरावर नीट राखून ठेवली.

आता काळ्या मातीचा स्वभाव काय सांगायचा? उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते. त्यात ही मुळं. आषाढाची झड लागली आणि बाळंतिणीच्या खोलीत पहिला थेंब पडला. आम्ही बाज पूर्वेला सरकवली. थेंब पूर्वेला आला. पश्चिमेला नेली; तो पश्चिमेला. बाबानं बाजेवर घोंगडीचा मांडव बांधला. घोंगडी भिजून जड झाली आणि एका दुपारी, सावकाश, सगळं पाणी धरून माझ्या अंगावर बसली. मी किंचाळले. चाचा भिंतीपलीकडून विचारत होते, "झालं काय? पोरगा की पोरगी?"

बातमीला त्या दिवसांत पाय फुटलेले. अमरावती-अकोला गाड्या सारख्या चालू. मुर्तिजापूरच्या मुक्कामावर कोणी तरी धाब्यावरच्या पऱ्हाटीची गोष्ट सांगितली, ऐकणारा नेमका आमच्या अकोल्याच्या गल्लीतला निघाला. आठव्या दिवशी दारात दमणी, म्हणजे माणसांची हलकी बैलगाडी, उभी, आणि दमणीतून सासूबाई उतरल्या.

गाडी लांबून दिसल्याबरोबर बाबा धाब्यावर धावला होता. घरातली होती नव्हती तेवढी घोंगडी, चटया, पोती त्यानं कडेवर अंथरली. सासूबाईंनी उतरता उतरता वर पाहिलं.

"इवाई, काय वाळत घातलं वर?"

"पापड," बाबा म्हणाला.

"आषाढात?"

बाबा घाम पुसत "हौ" म्हणाला. मी दाराआड उभी होते, हसावं का रडावं कळेना.

जेवायला सासूबाईंना घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी बसवलं. वरण वाढलं, आणि बाहेर सर आली. बाबा श्वास धरून बसला होता. माय पदराआडून वर बघत होती. थेंब आला, अगदी सावकाश, कडेवरून आढ्याला धरून चालत आला, आणि पडला वरणात. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग वर, मग बाबाकडे.

"जागा बदलली," त्या म्हणाल्या, "पन वरन तेच हाय."

आणि मग त्यांनी सांगितलं, की उद्या सकाळी निघायचं. माय पुढं झाली. "इहीणबाई, नववा लागला पोरीले. बैलगाडीत, ह्या चिखलात..." सासूबाई म्हणाल्या, दमणीत गव्हाच्या काडाची हातभर गादी केली आहे, पोरीला धक्का लागणार नाही, पण या खोलीत ठेवली तर बाळंतवात होऊन मरेल.  खरंच तर होतं ते. मी मायच्या पदरात तोंड खुपसून रडले. बाबा गोठ्यात जाऊन बसला. त्याच्यावर मी इतकी चिडले होते, आणि तरी त्याला तसं बैलाजवळ मान घालून बसलेला पाहून मीच तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

सकाळी गाडीवान नदी पाहून आला. पेढी दुथडी भरून चाललेली. "बैलाच्या पाठीवरून पानी जाऊन राह्यलं," तो म्हणाला. सासूबाई अंगणात घराकडे पाठ करून बसल्या. पण पाठ करून त्यांना किती वेळ बसवणार? मागं टप, टप चालूच. शेवटी वळल्या. वाऱ्यानं कडेवरची घोंगडी सरकली होती, आणि पऱ्हाटी हात-दीड हात उंच, मजेत डुलत होती.

"इवाई, तुमचे पापड वाढून राह्यले," सासूबाई म्हणाल्या.

आणि उठल्या. लुगड्याचा काष्टा कसला, पदर खोचला. "धरा शिडी."

व्याह्यानं विहिणीची शिडी धरायची! बाबानं धरली, पण मर्यादा म्हणून तोंड गोठ्याकडे फिरवून. त्यामुळे वरून आलेलं प्रत्येक रोप नेमकं त्याच्या पागोट्यावर पडे. "ते मोठं राहू द्या," तो गोठ्याकडे बघत विनवी. "घ्या, धुऱ्यावर लावा," वरून उत्तर, आणि फटकन रोप. बाबानं एकूण एक रोप गोळा करून ठेवलं.

सासूबाईंचं माहेर तेल्हाऱ्याकडचं, खारपाणातलं. तिकडे पाणी खारं, माती खारी. त्यांनी काळी माती चिमटीत घेतली, थुंकल्या. "आमच्याकडं पोट्टे बी ही माती धाब्यावर घालत नाहीत." चाचा हे ऐकून आनंदानं खाटेवर उभेच राहिले, गुडघे विसरून. त्यांच्या परसात पांढऱ्या मातीचा ढीग राखून ठेवलेला होता, तो त्यांनी देऊन टाकला. मग त्या दोघांत जुंपली. चाचा म्हणत माती एक रात्र भिजवायची, सासूबाई म्हणत दुपारपर्यंत पुरे. चाचा म्हणत उतार पनाळीकडं चार बोटं, सासूबाई म्हणत तीन. दोघंही मनापासून भांडत होते. बाबा आणि गाडीवान पायानं माती तुडवत होते.

आणि तिथं काम अडलं. कुटार नव्हतं. कुटाराशिवाय सगळी माती पहिल्या सरीला वाहून जाणार. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई शिडीवर होत्या. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा दाराशी उभ्या माझ्याकडे, आणि गाडीवानाला म्हणाल्या, "दमनीतलं काड सोड."

गाडीवान म्हणाला, "आजी, मंग सूनबाई कशावर..."

"सोड म्हनलं ना! अन् बारीक तोड."

माझ्यासाठी अकोल्याहून रचून आणलेली ती हातभर गादी त्यांनी चिखलात तुडवायला लावली. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मला कोणी काही सांगितलं नाही, पण मला कळलं, मी इथंच राहणार.

सरी चुकवत दोन दिवसांत कड झाली. त्यानंतर झड लागली ती लागलीच, पण खोलीत आवाज नाही. पनाळीतलं पाणी लांब गल्लीत पडायचं, आणि आम्ही आत कोरड्यात ऐकत बसायचो. श्रावणाच्या तोंडाशी थोरला झाला. डोकं मायच्या मांडीवर, पाय सासूबाईंच्या हातात. मी मेले नाही. मरायला सवडच नव्हती, दोघी दोन्हीकडून ओरडत होत्या.

हे सगळं आत्ता वर उभ्या त्या शहाण्याला काय सांगायचं? तो अजून मधेच दाबून बघतो आहे. "कडेला, कडेला!" मी ओरडते. तो हात हलवतो.

त्या बाळंतपणात मला तेल-शेक करता करता एक दिवस मायनं सासूबाईंनाही बसवलं. "बसा इहीणबाई, तुमच्या बी डोक्यावर घालतो." सासूबाई नको नको म्हणत बसल्या. कोमट तेल टाळूवर पडलं, मायची बोटं फिरायला लागली, आणि त्या भरदार बाईचा आवाज एकाएकी लहान झाला. "चार बाळंतपनं झाली माही," त्या म्हणाल्या. "चारी सासरी. माय लहानपनीच गेली. डोक्यावर तेल आजवर माह्याच हातानं घातलं वं मी." मायची बोटं थांबली नाहीत. मला मात्र तोंड भिंतीकडे करावं लागलं.

मग त्या राहिल्या. दुपारी झोपायला लागल्या. अकोल्यात मी त्यांना दिवसा आडवं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मायनं केलेला गरम झुणका मागून खायच्या. चुलीशी बसून तेल्हाऱ्याच्या गोष्टी सांगायच्या, आणि चाचांशी उतारावरून रोज नव्यानं भांडायच्या. बारसं झालं. ऊन पडलं. पेढी उतरली. बाबानं विहिणीची सोय म्हणून दमणीच्या आसाला वंगण घातलं, नवं गवत आणून गादी केली, आणि मोठ्या अदबीनं सांगितलं, "उद्या सकाळी निघाले तरी चालते, इहीणबाई. धाबा आता दगडावानी झाला." सासूबाई "बरं" म्हणाल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी बैल जुंपले. मी लेकराला मांडीवर घेऊन बाजेवर बसले होते, दार उघडं होतं. अंगणात कोणी नव्हतं. सासूबाई आल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि अंगाच्या मानानं अगदी हळू शिडी चढल्या. मला वाटलं, जाण्याआधी एकदा हात फिरवत असतील. त्यांनी पनाळीच्या बुडाशी बोट घातलं, आणि स्वतःच्या हातानं गुळगुळीत केलेली ती माती उकरायला लागल्या. चांगली मूठभर उकरली. मग उतरल्या, हात लुगड्याला पुसला, आणि सगळी गल्ली उठेल अशा आवाजात ओरडल्या, "इवाई! इथं अजून कच्चं हाय! हे वाळल्याबिगर मले काई जाता येत नाही!"

बाबा धावत आला, वर चढला. "आँ? पन काल तं मी सोता..." त्याला काही उमजेना. चाचा भिंतीवरून काही तरी म्हणणार होते, पण त्यांनी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाटेवर बसले.

माय चुलीवरून उठून आली. तिनं ती उकरलेली जागा पाहिली. मग सासूबाईंचा हात पाहिला. नखांत पांढरी माती भरलेली होती. सासूबाईंनी मूठ मिटली.

"खरं हाय," माय बाबाला म्हणाली. "कच्चंच हाय. बैल सोडा. अन् शिडी तिथंच राहू द्या."